अमर आणि शाश्वत

इंग्रजीतील ‘इमॉर्टल’ आणि ‘इटर्नल’ हे दोन्ही शब्द आपली मुले ‘अमर’ म्हणून उरकतात. वास्तविक पहिल्याच्या मुळाशी मृत्यूवाचक लॅटिन शब्द आहे, दुसऱ्याच्या मुळाशी कालवाचक. जो जन्मला पण मरणार नाही, तो अमर. ज्याला आरंभही नाही, तो शाश्वत.

हा भेद निव्वळ व्याकरणाचा नाही. जन्नतवासी सदैव राहतील. पवित्र कुरआनात त्यासाठी ‘खुल्द’ हा शब्द येतो. तथापि त्यांना आरंभ आहे आणि त्यांचे टिकणे ही देणगी आहे. अल्लाहचे असणे कोणी दिलेले नाही. सूरह हदीदच्या 3ऱ्या आयतीनुसार तोच अव्वल, तोच आखिर. सैतानाने आदम (अ.) यांना ज्या झाडाचे आमिष दाखवले, तेही ‘खुल्द’चेच होते (सूरह ताहा, आयत 120). इच्छा वाईट नव्हती, दार चुकीचे होते.

श्रद्धांजलीच्या फलकांवरील ‘अमर रहे’ मी गौरवोक्ती समजतो; त्यावरून कोणाच्या ईमानची झडती घेऊ नये. मात्र आपल्या माणसाच्या कबरीवर तो शब्द कशाला कोरावा?

जालन्याला पाणी देणारा घाणेवाडी तलाव निजामकालीन. बांधणारे केव्हाच गेले. तलावही गाळाने भरतो, लोकांना तो उपसावा लागतो. मृत्यूनंतरही ज्यांचे पुण्य थांबत नाही अशा तीन गोष्टी प्रेषितांनी (स.) सांगितल्या, त्यांत सदका-ए-जारिया आहे. ‘जारिया’ म्हणजे वाहता. अमर नव्हे, शाश्वतही नव्हे.