पुराण म्हणजे नवेही

घरात कोणी लांबण लावली की ‘पुराण आवर’ म्हणतात. संस्कृत शिकवणाऱ्या मला ते खटकते, कारण या शब्दात ‘पुरा’च्या जोडीला ‘नव’ आहे, असे यास्कांचे निरुक्त सांगते. सरळ अर्थ घ्यायचा तर, एके काळी नवे होते ते. पण गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आत्म्याला हे विशेषण लागते, तेव्हा शंकराचार्य फार पुढे जातात. ज्याला अवयव जोडले जातात ते वाढते, त्यालाच लोक नवे म्हणतात. आत्म्याला अवयवच नाहीत. म्हणून तो पूर्वीही नवाच होता, आजही नवाच.

हे दोन्ही अर्थ मला कार्ल्याला शेजारी शेजारी दिसतात. चैत्यगृहाच्या छताला सुमारे 2000 वर्षांपूर्वीच्या लाकडी फासळ्या आहेत. कुणा सुताराने तासल्या तेव्हा नव्या, आता जिवापाड जपाव्या अशा. आणि लेण्याच्या दाराशीच एकवीरेचे देऊळ. चैत्राच्या यात्रेत माझ्यापुढे उभ्या एका कोळीणबाईंनी ओटी भरली आणि देवीला बजावले, “आई, यंदा पोरानं होडी घेतलीय, लक्ष ठेव.”

यंदाची होडी जिला सांगायची, ती जुनी कशी असेल? आचार्यांचा आत्मा निर्गुण, या बाईंची देवी मात्र साडीचोळीतली. हा भेद मोठा आहे, मी तो पुसत नाही. तरी वर्गात ‘पुराण’ शब्द आला की उदाहरण मी त्या बाईंचेच देते.