कपावरची सही

फणसवाडीतल्या आमच्या चाळीतल्या खोलीत, काचेच्या कपाटात आजीचे सहा विलायती कप आहेत. कडेला सोनेरी रेघ, मधे ग्रीक वेशातल्या तीन बायका आणि पंखवालं एक बाळ. आजी त्याला बाळकृष्ण म्हणायची. तो क्युपिड, रोमन लोकांचा प्रेमाचा देव, हे मला परवा मोबाइलवर कळलं. चित्राखाली सही आहे : काउफमान.

आंगेलिका काउफमान ही स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेली नामांकित चित्रकार. १८०७ साली ती वारली. त्यानंतर कित्येक दशकांनी जर्मनी-बोहेमियातल्या कारखान्यांनी तिच्या धाटणीची छापील चित्रं कपबशांवर उतरवली आणि खाली तिची सहीही छापली. म्हणजे आमची सही खोटी! फसवल्यासारखं वाटलं.

मग मोरीच्या कठड्यावरचा स्टीलचा पेला आठवला. भांडी घासणाऱ्या मावशी दर दिवाळीला हे कप जपून धुवायच्या, पण त्यांचा चहा त्या पेल्यात. तो त्याच विसळून उपडा ठेवायच्या. ‘आम्ही जातपात पाळत नाही’ असं घरात सगळेच म्हणायचे. मी तर शाळेच्या निबंधातही लिहिलं होतं. तीही खोटी सहीच की.

१८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही मंडळी चहा प्यायली, तर केवढा गहजब झाला. प्रायश्चित्ताचा प्रश्न रानडे-टिळकांपर्यंत गेला. आज आपण हसतो. पण तिथे विटाळ मानणारे निदान तसं उघड म्हणत होते.

पोर्सिलेनची झिलई भट्टीत काचेसारखी होते. तिच्यात काही मुरत नाही. धुतल्यावर कुणाच्याही ओठांची खूण उरत नाही. वेगळा पेला ठेवायला कपाकडे काहीच कारण नव्हतं. ते आमच्याकडे होतं.

गेल्या महिन्यात, हल्ली कामाला येणाऱ्या ताईंना मी क्युपिडच्या कपात चहा दिला. त्या दचकल्या. “हा नको, फुटला तर? पेल्यातच द्या.” मला वाटलं होतं, मी काहीतरी चांगलं करतोय. पण माझ्या मनाचं समाधान व्हावं म्हणून त्यांनी जीव मुठीत धरून चहा का प्यावा?

आता ओट्यावर साधे पांढरे आठ कप आहेत. सगळ्यांचा चहा त्यातच. कुठला कुणाचा, ते ठरलेलं नाही. पेला मात्र अजून कठड्यावरच आहे. आई म्हणते, राहू दे, लागतो कधीतरी. कशाला, ते मी अजून विचारलेलं नाही.