देणे आणि देणगी



दसरा झाला की पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या वाड्यावस्त्यांवरून ट्रक भरू लागतात. भांडीकुंडी, ज्वारीची पोती, शेळ्या, पोरेबाळे आणि म्हातारे सगळे त्यात बसतात. दिवाळी सरते तोवर आपल्या भागातील कारखान्यांभोवती उसाच्या पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. पुढे नाताळ येतो. आपल्या धर्मग्रामातील तरुण आणि महिला मंडळ त्या कोप्यांवर ब्लँकेटे, फराळ, मुलांचे स्वेटर घेऊन जातात. वर्गणी काढताना दरवर्षी कोणीतरी विचारतेच, "ज्यांच्या घामावर साखर होते, त्यांना कारखान्याने द्यायला नको का? आपण का द्यायचे?" आणि दुसरे कोणी उत्तर देते, "थंडी कारखान्याची वाट बघत नाही."

दोघांचेही म्हणणे खरे आहे. म्हणूनच या प्रश्नावर थोडे थांबून विचार करावा असे आम्हांला वाटले. एखाद्या धंद्यात सर्वांत खाली राबणाऱ्या कुटुंबासाठी त्याच धंद्याने निधी उभा केला, तर तो दानधर्म म्हणायचा की राहिलेले देणे?

हा प्रश्न फक्त उसाचा नाही. कॉफीच्या धंद्यात तो आपल्याआधीच उभा राहिला आणि त्याला एकाच वर्षी दोन वेगळी उत्तरे मिळाली. (आपल्याकडे कॉफी म्हणजे पाहुण्यांसाठी जायफळ घालून केलेली, ती पिकवणाऱ्याचा विचार कोणाच्या मनात येत नाही. पण चहा पिताना तरी साखर तोडणाऱ्याचा विचार कोण करतो?) अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथील बिल फिशबाइन हा कॉफीचा दुकानदार ग्वाटेमालाला गेला. जिच्या जिवावर आपले दुकान चालते ती कॉफी पिकवणाऱ्या घरांची दशा त्याने पाहिली आणि १९८८ साली 'कॉफी किड्स' ही संस्था काढली. कॉफी भाजणारे आणि विकणारे व्यापारी तिला वर्गणी देत. त्या पैशातून बायकांचे बचत गट, मुलांचे शिक्षण, आरोग्य अशी कामे झाली. कॉफीच्या भावाला मात्र या कामाने हात लावला नाही.

त्याच १९८८ साली हॉलंडमध्ये 'मॅक्स हावेलार' या नावाचा शिक्का असलेली कॉफी बाजारात आली. जावा बेटावरील कॉफी पिकवणाऱ्यांच्या पिळवणुकीवर १८६० साली निघालेल्या डच कादंबरीचे हे नाव. या कामामागे निको रोझेन यांच्याबरोबर एक कॅथलिक धर्मगुरू होते, फादर फ्रान्स व्हॅन डर हॉफ. ते मेक्सिकोतील वाहाका प्रांतात गरीब आदिवासी शेतकऱ्यांमध्ये राहत, स्वतः शेतात काम करीत आणि तेथील 'उसिरी' या शेतकरी संघटनेशी जोडलेले होते. त्या शेतकऱ्यांचे मागणे सरळ होते. आम्हांला भीक नको, आमच्या मालाचा योग्य भाव द्या. म्हणून या शिक्क्याच्या कॉफीला किमान भाव ठरवला गेला. पुढच्याच वर्षी, जुलै १९८९ मध्ये, देशोदेशींच्या कॉफी करारातील निर्यातीचे कोटे मोडले आणि काही महिन्यांत बाजारभाव जवळजवळ निम्म्यावर आला. तेव्हा त्या किमान भावाची किंमत कळली. आज या व्यवस्थेत भावाशिवाय पौंडामागे २० सेंट जादा दिले जातात आणि ते कशावर खर्च करायचे हे शेतकऱ्यांची स्वतःची सभा ठरवते.

फिशबाइन यांना आम्ही नावे ठेवणार नाही. पुष्कळ दुकानदार त्यांच्यासारखे जाऊन बघतही नाहीत. पण या दोन वाटांमध्ये फरक आहे, आणि तो आपल्या मराठीत दोन शब्दांत सांगता येतो. एक देणगी आणि दुसरे देणे. देणगी देणाऱ्याच्या मनावर असते. देणे मात्र घेणारा मागू शकतो.

आपल्या ख्रिस्तसभेने हा भेद जुन्या काळापासून जपला आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली लिहिले, की मजुराने नाइलाजाने कमी मजुरी मान्य केली म्हणून ती न्याय्य होत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली बजावले, की न्यायाने जे द्यायला हवे ते प्रेमाची भेट म्हणून पुढे करू नये. आधी न्यायाची बाकी चुकती करावी. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनीही २००९ साली हेच सांगितले. प्रेम न्यायाच्या पुढे जाते, पण न्याय वगळून जात नाही. ज्याचे आहे ते त्याला दिल्याशिवाय माझ्यातले काही त्याला देणे मला शक्यच नाही. बायबलमध्ये तर रोजच्या मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी असा नियमच आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. राज्य सरकारने ऊसतोड कामगारांसाठी लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ उभे केले. २०२१ च्या सुमारास त्याच्या निधीची रीत ठरली. कारखान्यांनी गाळलेल्या उसावर टनाला १० रुपये द्यायचे आणि सरकारने तेवढीच भर घालायची. संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत मुलामुलींसाठी ८२ वसतिगृहे काढायची योजनाही तेव्हाचीच. पहिल्या टप्प्यात आपल्याकडचे पाथर्डी आणि जामखेड हे तालुके होते.

टनाला १० रुपये म्हणजे किती? एक टन उसातून १०० किलोच्या आसपास साखर निघते. म्हणजे किलोला १० पैसे. महिन्याला ५ किलो साखर लागणाऱ्या घरावर हा भार ५० पैशांचा. आता दुसऱ्या बाजूने बघू. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात; एकट्या माणसाला 'अर्धा कोयता'. (या हिशेबात माणसाचे नाव कोठेच नाही, हत्याराचे आहे.) पहाटेपासून अंधार पडेपर्यंत राबून एका कोयत्याचा दोन टनांच्या आसपास ऊस होतो. हंगाम दीडशे दिवस धरला तर ३०० टन. त्यांनी तोडलेल्या उसावर कारखान्याचे ३,००० आणि सरकारचे ३,००० असे ६,००० रुपये निधीत जमा होतील. पूर्ण वर्षात, एका कुटुंबामागे.

हे पैसे सरळ हातात का देऊ नयेत, असे काही जण विचारतात. त्यात तथ्य आहे. पण एकट्या कुटुंबाला ६,००० रुपयांत मुलीसाठी वसतिगृह बांधता येत नाही आणि मुलगी गावी ठेवता आली नाही तर ती बापाबरोबर फडात जाते, मोळ्या वाहते आणि लवकर उजवली जाते. काही गोष्टी एकत्रच उभ्या राहतात, त्यासाठी निधी हवा. शिवाय हा निधी कोणाच्या दयेवर नाही. तो टनाला बांधलेला आहे. जेवढा ऊस गाळला जाईल तेवढा तो यायलाच हवा. त्यामुळे आमच्या मते तो देणगीपेक्षा देण्याच्या जवळचा आहे.

पण मजुरीची जागा तो घेऊ शकत नाही. जानेवारी २०२४ मध्ये संपानंतर तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि दर टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. ही वाढ दानातून आली नाही, कोयता बंद ठेवल्याने आली. ३६६ च्या शेजारी १० हा आकडा ठेवला की कशाचे वजन किती ते दिसते. आणि ते ३६६ सुद्धा रोज हातात पडत नाहीत. दसऱ्याला मुकादमाकडून घेतलेली उचल आधी फिटायची असते. खाडा झाला तर दंड. बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारी समितीने ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दिवसांतला खाडाही परवडत नाही, हे त्यामागचे एक कारण पुढे आले. या बायका आपल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या आहेत. त्यांतल्या कितीतरी आपल्याकडच्या फडात येतात. अशा ठिकाणी ब्लँकेट देऊन परतताना मनात प्रश्न उठतो, तो उठायलाच हवा.

मग कोणी म्हणेल, दर वाढवा, सोपे आहे. तितके सोपे नाही. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या उसाच्या बिलातून वजा होतो. २०२४-२५ च्या हंगामात केंद्राचा ठरलेला भाव टनाला ३,४०० रुपये होता. तोडणाऱ्याचे ३६६ त्यातूनच गेले. आपल्या धर्मग्रामातही एक-दोन एकर ऊस असलेली घरे आहेत, तसे कारखान्यात नोकरीला असलेलेही आहेत. २०२५ च्या अतिवृष्टीनंतर सरकारने टनाला १५ रुपये घ्यायचे ठरवले, १० मुख्यमंत्री सहायता निधीसाठी आणि ५ पूरग्रस्तांसाठी, तेव्हा हाच वाद पेटला. सरकार म्हणाले कारखान्याच्या नफ्यातून घेऊ. शेतकरी संघटना म्हणाल्या शेवटी आमच्याच खिशातून जाईल. दान द्यायच्या आधी ते कोणाच्या खिशातून जाते हे विचारणे कंजूषपणाचे लक्षण नाही. एका गरिबाचे काढून दुसऱ्याला दिले आणि वर दात्याचा फलक लावला, तर त्याला काय म्हणायचे?

येथे प्रवरेची आठवण येते. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांचे भाग गोळा केले, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ पाठीशी उभे राहिले आणि १९५०-५१ च्या हंगामात लोणीच्या सहकारी कारखान्याचा बॉयलर पेटला. त्याआधी हरेगावची बेलापूर कंपनी होती, खासगी मालकीची. शेतकरी तिला जमीन देई आणि बाजूला राही. कंपनीने कधी शेतकऱ्यांसाठी मदतनिधी काढला असता तरी प्रवरेचे काम झाले नसते, कारण प्रवरेत शेतकरी मालक झाला. त्याला सभेत हात वर करता आला, हिशेब विचारता आला. आपल्या जिल्ह्याने देशाला शिकवलेली ही मोठी गोष्ट. पण त्या भागांच्या वहीत ऊस लावणाऱ्याचे नाव आले, ऊस तोडणाऱ्याचे आले नाही. तो हंगामापुरता येतो, दुसऱ्या तालुक्यातून येतो, मुकादमाच्या नावावर येतो. सभासद तो नाही आणि करारावर बहुधा त्याची सहीही नसते.

रूथची गोष्ट आपण ऐकलेली आहे. मोशेच्या नियमाप्रमाणे शेताच्या कडेचे पीक कापायचे नसे आणि पडलेली कणसे वेचायची नसत; ती गरिबांची आणि परक्यांची. बवाजाने रूथला चांगले वागवले हा त्याचा मोठेपणा, पण कणसांवर तिचा हक्क त्याच्या मोठेपणाआधीच ठरलेला होता. आपल्या फडातही असे काही आहे. तोडलेल्या उसाचे वाढे तोडणाऱ्यांचे, ही रीत. संध्याकाळी रस्त्याच्या कडेला वाढ्यांच्या मोळ्या विकायला बसलेली बाई कोणाचे उपकार मागत नसते. तिच्याशी भाव करणारा माणूसही तिच्याशी बरोबरीने बोलतो. ब्लँकेट घेताना तीच बाई खाली बघते.

म्हणून ब्लँकेटे थांबवावीत का? नाही. थंडीबद्दल बोलणारा बरोबर आहे, आणि यंदाही वर्गणी निघेल. फक्त देताना दोन गोष्टी आम्हांला सुचवायच्या आहेत. रांगेत उभे करून फोटो काढू नयेत. आणि टोळीतल्या बायकांनाच आधी विचारावे, काय हवे. कदाचित त्या स्वेटरपेक्षा अंघोळीला आडोसा मागतील, किंवा जवळच्या शाळेत मुलांना बसू द्या म्हणून कोणी मुख्याध्यापकांशी बोलावे असे म्हणतील.

दुसरी बाजू म्हणजे ट्रक भरतात ती गावे. फिशबाइन यांचे काम कॉफीबाहेरच्या जगण्याला आधार देणारे होते, आणि तो विचार आपल्याला परका नाही. नगरच्या सोशल सेंटरचे स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी दुष्काळी गावांत पाणलोटाचे काम उभे केले. त्यात गाव ठरलेला वाटा श्रमदानाने देई, आणि मगच पैसा येई. त्यामुळे काम गावाचे होई. जेथे विहिरीला मार्चपर्यंत पाणी राहते तेथून दसऱ्याला ट्रकमध्ये बसणारे कमी होतात, आणि जे जातात त्यांना कमी दराला नाही म्हणता येते.

राहिली गोष्ट आपल्यातल्या सभासदांची. कारखान्याची वार्षिक सभा बहुधा सप्टेंबरमध्ये होते. अहवाल घरी येतो, तो उघडून बघावा आणि सभेत विचारावे की आपल्या कारखान्याने गेल्या हंगामाचे टनामागचे १० रुपये भरले का, टोळ्यांच्या तळावर पाणी आणि संडास आहेत का. ज्यांच्यासाठी विचारायचे ती माणसे तेव्हा लांब नसतात. सप्टेंबरात टोळ्या आपापल्या गावीच असतात, पाथर्डी-शेवगावकडे, उचल घ्यायच्या दिवसांची वाट बघत.