हळद्याला पोसतं कोण?

हळद्या पडलेलं भेंडीचं पान उजेडासमोर धरलं की शिरांचं जाळं हळदीत बुडवून काढल्यासारखं दिसतं. मधली हिरवी बेटंही हळूहळू पिवळी पडतात. फळ फिकट आणि चिवट होतं. बाजारात गिऱ्हाईक टोक मोडून बघतं, ते नुसतं वाकतं, आणि गिऱ्हाईक पुढच्या पाटीकडे वळतं. मुंबई इलाख्यात १९२४ साली या रोगाची नोंद झाली. पांढरी माशी तो पसरवते, हे नंतर कळलं. झाडाच्या आत काय चालतं याचा विचार मात्र बराच काळ लढाईच्याच भाषेत झाला: विषाणू चालून येतो, झाड त्याला अडवतं किंवा हरतं.

परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर यांनी ‘पुसा सावनी’ या भेंडीच्या वाणाचा संकर अबेलमॉस्कस मॅनिहॉट या भेंडीच्या नात्यातल्या दुसऱ्या जातीशी केला. अशा दूरच्या संकरात बी धरणंच अवघड. तरी पिढ्यान्‌पिढ्या निवड करत १९८५ साली ‘परभणी क्रांती’ ही हळद्याला दाद न देणारी भेंडी शेतकऱ्यांच्या हाती आली. हा प्रतिकार एका प्रभावी जनुकाकडून येतो, असं त्यांनी १९८१ मध्येच दाखवलं होतं. म्हणजे वाचणाऱ्या झाडाकडे काहीतरी जास्तीचं असतं. या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण हळद्याच्या विषाणूकडे स्वतःचं असतं तरी किती? जेमतेम २,७०० अक्षरांचा डीएनए आणि जोडीला त्याच्या निम्म्याएवढा एक ‘उपग्रह’ डीएनए. डीएनएची नक्कल करणारं विकर त्याच्याकडे नाहीच, ते झाडाचं वापरायचं. वाढ पुरी झालेल्या पेशीत तर ही नक्कल थांबलेली असते. या कुळातल्या विषाणूंचं प्रथिन ती रोखून धरणाऱ्या झाडाच्या ‘लगाम’ प्रथिनालाच धरतं आणि बंद पडलेला कारखाना पुन्हा सुरू होतो.

विषाणू जिवंत पेशीच्या व्यवहारात सामील होऊनच वाढतो, हे शास्त्रज्ञ बायेरिंकने १८९८ मध्ये तंबाखूच्या मोझॅक रोगावरून ओळखलं होतं. मदत करणारी जनुकं नेमकी कोणती, हे कळायला मात्र शतक जवळजवळ सरलं. जपानमध्ये संशोधक इशिकावा यांना मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिसची अशी झाडं सापडली, ज्यांत एक जनुक बिघडल्यामुळे तंबाखूचा विषाणू नीट वाढेना. २००२ मध्ये मिरचीचं कोडं सुटलं. बटाट्याच्या ‘वाय’ विषाणूला दाद न देणाऱ्या मिरचीत प्रथिननिर्मिती सुरू करून देणारा एक घटक थोडा बदललेला होता, त्यामुळे विषाणूला त्याचा आधारच मिळत नव्हता. पुढे टोमॅटोतही, हळद्याच्याच कुळातल्या विषाणूबाबत, ‘पेलोटा’ नावाच्या जनुकाची तशीच गोष्ट उलगडली.

ही जनुकं झाडाची स्वतःची, रोजच्या कामाची. सरसकट काढली तर झाडच खुरटेल. मिरचीचं निभतं, कारण तिच्याकडे तेच काम करणारा दुसरा घटक आहे.

‘परभणी क्रांती’चा प्रतिकार पुढे अनेक ठिकाणी टिकला नाही, म्हणून भेंडीतही, विषाणूला झाडातलं कोण मदत करतं, हा उलटा प्रश्न विचारला जावा असं मला वाटतं. मदत न करणारं जनुक बहुधा अप्रभावी असतं, आई आणि बाप दोघांकडून आलं तरच दिसतं. असं जनुक असलेल्या झाडाचा साध्या झाडाशी संकर केला, तर पहिली पिढी सगळीच्या सगळी पिवळी पडेल. ती उपटून फेकली, तर दुसऱ्या पिढीत चारांतलं एक हिरवं राहिलेलं झाड कुणाच्या नजरेसच पडणार नाही.