टूलटिप आणि टीकेची जागा

मूळ मजकूर कुठे संपतो आणि त्याचा अर्थ कुठे सुरू होतो, हा भाष्यपरंपरेतला जुना प्रश्न वेबपानावरच्या टूलटिपलाही लागू पडतो. एएसपी डॉट नेट या वेबपाने बनवण्याच्या तंत्राच्या वेब फॉर्म्समध्ये सर्व्हरवरच्या कोडने एखाद्या घटकाच्या 'टूलटिप' गुणधर्मात मजकूर भरला, की पान तयार होताना तो एचटीएमएलच्या 'टायटल' गुणधर्मात उतरतो. रायपूरजवळच्या उरला औद्योगिक क्षेत्रातल्या पोलाद कारखान्याचा साठा दाखवणारा तक्ता घ्यावा. 'हीट नंबर' या शीर्षकावर माउसचा बाण थांबला, की 'भट्टीत एका वेळी वितळवलेल्या पोलादाचा क्रमांक' अशी टीप उमटेल. वाचकाला शंका येण्याआधीच ती पानासोबत पोचलेली असते, फक्त झाकलेली.

टीप आणि मूळ यांची सरमिसळ इथे होत नाही. हस्तलिखितांत ती सहज होई. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठभेद शिरले, म्हणून एकनाथांनी 1584 मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये असे बजावले. महानुभाव पंथाची रीत वेगळी. केशिराजबासांनी पंथसंस्थापक चक्रधरांची वचने निवडून सूत्रपाठ केला. कोणते वचन कोणत्या प्रसंगी निघाले, हे 'प्रकरणवश' या स्वतंत्र ग्रंथात आले. सूत्र आणि प्रसंग दोन्ही राखले गेले, पण एकमेकांत मिसळले नाहीत.

मात्र सीमा राखणे वेगळे आणि अर्थ दडवणे वेगळे. ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये गीतेच्या 700 श्लोकांचा अर्थ सुमारे 9000 ओव्यांत मांडला, तोही संस्कृत न जाणणाऱ्या श्रोत्यांसमोर उघडपणे. अर्थ ही जाणकारांसाठी राखलेली पुरवणी नव्हे, असाच त्याचा आशय होतो. 'टायटल'मधली टीप या कसोटीला उतरत नाही. मोबाइलवर बाण नसतो, केवळ कीबोर्ड वापरणाऱ्याला ती सहसा दिसत नाही आणि अंधांसाठीची वाचक-सॉफ्टवेअर ती दर वेळी वाचतातच असे नाही. ज्याला अर्थाची गरज अधिक, त्याच्याच वाट्याला तो कमी येतो, हा त्यातला खरा दोष.

तेव्हा नुसती सोयीची माहिती टूलटिपमध्ये चालेल. जिच्यावाचून तक्ता कळतच नाही ती नाही. त्यासाठी कोडमध्ये फार काही बदलावे लागत नाही: तोच मजकूर 'टूलटिप'ऐवजी शीर्षकाखाली दिसेल असा लेबलमध्ये द्यायचा.