दुभाष्याचे इमान

दोन माणसांमध्ये उभा राहून एकाचे बोलणे दुसऱ्यास सांगणाऱ्या दुभाष्याने इमान कोणाशी राखावे? ज्याचे मीठ खातो त्याच्याशी, की जो विश्वासाने ऐकतो त्याच्याशी? पुण्यातील अनेक तरुण आज जपानी भाषा शिकून तिच्यावर आपला चरितार्थ चालवितात. तेव्हा हा प्रश्न केवळ पुस्तकी नव्हे. आपल्या पश्चिम किनाऱ्याने तर तो चार शतकांपूर्वीच अनुभवला आहे.

कागोशिमाचा अंजिरो हा जपानी गृहस्थ मायदेशातून परागंदा होऊन मलाक्कामार्गे गोव्यास आला. १५४८ साली तेथे त्याने स्नानसंस्कार घेतला आणि पुढल्याच वर्षी, १५ ऑगस्ट १५४९ रोजी, तो संत फ्रान्सिस झेवियर यांच्यासह कागोशिमास उतरला. परमेश्वरासाठी त्याने ‘दाइनिची’ हा शब्द सुचविला. तो तर एका बौद्ध पंथातील बुद्धाचे नाव! श्रोते आनंदाने ऐकत होते. परंतु ऐकत होते ते भलतेच. हे उमगताच झेवियर यांनी तो शब्द टाकला. अंजिरोच्या मनात कपट नव्हते. पण नुसत्या सद्भावाने अर्थ पैलतीरी पोहोचत नाही.

मग परक्याचा शब्द घेऊच नये काय? फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले. परंतु त्या शब्दात नवा अर्थ भरण्यासाठी त्यांनी हजारो ओव्या खर्ची घातल्या. शब्द उसना घेता येतो. त्याचे मोल मात्र श्रमाने चुकवावे लागते.

हे मोल वसईच्या संत गोन्सालो गार्सियांनी प्राणांनी चुकविले. पोर्तुगीज पिता आणि स्थानिक माता यांचा हा पुत्र कोवळ्या वयात येशूसंघीयांबरोबर जपानला गेला, तेथील भाषेत पारंगत झाला. पुढे त्याने व्यापार केला आणि अखेर मनिला येथे तो फ्रान्सिस्कन संघाचा बंधू झाला. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचा दुभाषी म्हणून तो सत्ताधीश हिदेयोशीपुढे उभा राहिला.

१५९६ साली ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास लागून फुटले आणि क्रूसामागोमाग तलवार येते, हा हिदेयोशीचा संशय बळावला. तो संशय सर्वस्वी निराधार होता असे आपण म्हणू शकत नाही. १५३४ साली वसई पोर्तुगिजांच्या हाती गेली, तेव्हा आपल्याकडेही क्रूस आणि तोफ एकाच गलबतातून उतरले होते. तथापि संशय खरा असला तरी निरपराधांचा वध न्याय्य ठरत नाही. आणि अशा संशयाचे निरसन कोणता दुभाषी शब्दांनी करणार? ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढविण्यात आले. त्यांत गोन्सालो होते. त्यांच्या हाती ना तोफ होती, ना राज्य. क्रूस तलवारीवाचूनही उभा राहू शकतो, हे त्या दिवशी भाषांतरावाचून कळले.

त्या सव्विसांपैकी वीस जण जपानी होते, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. जो शब्द परदेशी म्हणून आला, त्यासाठी ते आपला म्हणून मरण पावले. पुढे धर्मबंदी आली, धर्मगुरू उरले नाहीत. तरी १८६५ साली नागासाकीच्या ओउरा मंदिरात गुप्त ख्रिस्ती कुटुंबे प्रकट झाली. सात-आठ पिढ्या त्यांनी दुभाष्याविना श्रद्धा जपली होती.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे दिसते. ऐकणाऱ्याला तो शब्द स्वतःचा म्हणून उच्चारता यावा, यातच दुभाष्याचे इमान आहे. पोटासाठी भाषा शिकण्यात कमीपणा नाही. गोन्सालोंनीही व्यापार केला. पण भाषा शिकली की ती बोलणारी माणसेही आपल्यावर हक्क सांगू लागतात.

मराठी ख्रिस्ती या नात्याने आपण सारेच दुभाषी आहोत. आपली प्रार्थना शेजाऱ्याच्या कानी परकी पडते की घरची, याचा हिशेब आपल्याला द्यावयाचा आहे. आणि तो केवळ शब्दांत देता येणार नाही.