कंदील न लागल्याची तक्रार

शंभर वर्षांपूर्वीचं मराठी वर्तमानपत्र उघडलं की नजर सवयीनं अग्रलेखाकडे जाते. तिथे स्वराज्य असतं, कौन्सिलप्रवेशाचा वाद असतो, पुढाऱ्यांची एकमेकांना दिलेली उत्तरं असतात. अशा लेखनातला उत्तम भाग पुढे पुस्तकांत आला. लोकहितवादींनी 1848 पासून ‘प्रभाकर’मध्ये लिहिलेली शतपत्रं, आगरकरांचे निबंध, टिळकांचे ‘केसरी’तले लेख यांच्या आवृत्त्या निघाल्या, त्यांवर प्रबंध झाले. त्या लेखांच्या शेजारच्या रकान्यात काय छापलं होतं, ते मात्र सहसा कुणी पुस्तकात घेतलं नाही. माणसं रोज कशी जगत होती हे समजून घ्यायचं तर त्या शेजारच्या रकान्यातच जावं लागतं, आणि तिथेही सगळ्यात भरवशाचा मजकूर म्हणजे लोकांच्या तक्रारी, असं माझं ठाम मत झालं आहे.

सुरळीत चाललेल्या गोष्टीची बातमी होत नाही. पहाटे उठून पाणी भरलं, चूल पेटवली, दिवा लावला, हे कुणी छापत नाही, कारण वाचणाऱ्यानंही त्या सकाळी तेच केलेलं असतं. नळ कोरडा पडला की तो कागदावर येतो. मग कळतं की त्या पेठेत नळ होता, पाणी अमुक वेळेला यायचं, ते गेलं की लोक कुठल्या विहिरीकडे वळायचे. रोजचं जगणं वर्तमानपत्रात शिरतं ते असं, मोडल्यानंतर.

रस्त्यावरच्या कंदिलांचंच घ्या. तालुक्याच्या गावी म्युनिसिपालटीचे रॉकेलचे कंदील असत. अनेक ठिकाणी काटकसर म्हणून चांदण्या रात्री ते लावत नसत. पंचांगात चंद्र आहे ना, मग तेल कशाला जाळायचं, असा हिशेब. उन्हाळ्यात तो जमायचा. आषाढ-श्रावणात आभाळ भरून आलेलं असे, पंचांगातला चंद्र पंचांगातच राही, आणि कीर्तनाहून किंवा नाटकाहून परतणारा माणूस चिखलातून चाचपडत घर गाठी. त्यानं चिडून लिहिलेल्या चार ओळींत किती गोष्टी आहेत पाहा. गावाच्या तिजोरीत तेलाचे पैसे मोजून-मापून होते. कारभार तिथीवर चालत होता. रस्ता कच्चा होता. माणसं रात्री घराबाहेर पडत होती. आणि दिवा ही आता दैवाची किंवा चंद्राची बाब राहिली नव्हती, ती कुणाची तरी जबाबदारी झाली होती.

या शेवटच्या गोष्टीपाशी थांबायला हवं. तक्रार करायला समोर कुणीतरी लागतं. गल्लीत अंधार आहे म्हणून पेशवाईत कुणाकडे दाद मागायची? 1882 मध्ये लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव झाला, म्युनिसिपालट्यांत लोकनियुक्त सभासद बसू लागले, घरपट्टी आणि दिवाबत्तीचा कर भरावा लागू लागला. कर भरणारा माणूस जाब विचारू लागला. शिवाय सरकारवर लिहिणं धोक्याचं होतं. 1908 मध्ये ‘केसरी’तल्या लेखांसाठी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, 1910 च्या कायद्यानं छापखान्याकडून जामीन मागायची सोय सरकारला झाली, आणि तो कायदा 1922 पर्यंत टिकला. अशा काळात जिल्ह्याच्या गावच्या छोट्या संपादकाला कलेक्टरपेक्षा म्युनिसिपालटीशी भांडणं परवडत होतं. गटार, नळ, कंदील, भटकी कुत्री यांवरचा तो मजकूर आज कुणी किरकोळ म्हणेल, मी तसं म्हणणार नाही. सार्वजनिक कामाचा हिशेब मागायची सवय सामान्य माणसाच्या अंगी याच रकान्यात लागली.

बाजारभावाचा रकाना वाचायला थोडा सराव लागतो. त्या काळी धान्याचा भाव शेराला किती आणे असा देण्याऐवजी रुपयाला किती शेर असाही दिला जाई. म्हणजे आकडा उतरला की महागाई चढली. आजच्या डोळ्यांना हे उलटं वाटतं आणि घाईत वाचणारा फसतो. पण हीच पद्धत घराच्या जवळची होती, कारण रुपया हातात ठरलेला होता आणि प्रश्न एवढाच होता की त्यात किती दिवसांची ज्वारी येते. 1918 साली युद्धामुळे महागाई होतीच, त्यात पावसानं दगा दिला, आणि पाऊस संपता संपता ज्याला लोक मानमोडी म्हणत तो इन्फ्ल्युएन्झा आला. देशभरात सव्वा कोटीच्या वर माणसं गेली असावीत, असा अंदाज अभ्यासक करतात. असा आकडा ऐकून मन बधिर होतं. रुपयामागे उतरत जाणारे शेर दर आठवड्याच्या अंकात पाहिले, की तापानं आलेला मृत्यू आधीच रिकाम्या झालेल्या घरांत कसा शिरला ते समजतं.

जाहिरातींवर बरंच लिहिलं गेलं आहे, म्हणून थोडक्यात. डोंगरे बालामृत, आतंकनिग्रह गोळ्या, ओगल्यांचे कंदील, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर ही नावं त्या काळच्या वाचकाला घरची होती. पण बालामृताच्या जाहिरातीमागे लहान मुलं दगावण्याची केवढी धास्ती होती, हे ध्यानात घेतल्याशिवाय ती वाचू नये. आणि व्ही.पी.नं, म्हणजे टपालवाल्याला पैसे देऊन सोडवून घ्यायच्या पार्सलानं, माल पाठवू, हे वाक्य साधं नाही. दुकान नसलेल्या गावातल्या माणसाला गावात वाच्यता न करता औषध मागवता येऊ लागलं, ते टपालामुळे.

आता खरा प्रश्न. तक्रार छापून कुणाची येत होती? नळाबद्दल लिहिणारा बहुधा पुरुष असे, घर असलेला, कर भरणारा, लिहिता येणारा. पाणी भरत होत्या बायका. त्यांच्या खांद्याचं, कमरेचं, पहाटेच्या खेपांचं दुखणं त्या पत्रात नसतं. खेड्याचंही तेच. शहरातल्या पत्रांना खेडं आठवे ते दुष्काळात, दरोड्यात आणि जत्रेत. म्हणून मला मुकुंदराव पाटलांचं मोल फार वाटतं. 1910 मध्ये सुरू केलेलं ‘दीनमित्र’ हे साप्ताहिक त्यांनी नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या, वीज नसलेल्या खेड्यातून चालवलं आणि 1967 पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरीपर्यंत, तगवलं. सावकाराचा कागद, कुळकर्ण्याची वही, लग्नातला भटजी हे तिथे लेखाचे विषय झाले, कारण लिहिणारा त्याच गावात राहत होता.

पाण्याच्या बाबतीत ही उणीव सगळ्यात ठळक दिसते. पाणी कमी येतं, गढूळ येतं, अवेळी येतं, अशा तक्रारींना तोटा नाही. पाणवठ्यावर हातच लावू देत नाहीत, ही तक्रार मात्र बड्या पत्रांच्या रकान्यांत अपवादानंच आढळते. ज्यांचा रोजचा दिवसच नकारानं सुरू होत होता, त्यांच्यासाठी ते मोडणं नव्हतं, तोच नेम होता, आणि नेमाची बातमी होत नाही. ती करायला स्वतःचं पत्रच काढावं लागलं. शिवराम जानबा कांबळे यांनी 1908 मध्ये पुण्याहून ‘सोमवंशीय मित्र’ काढलं आणि देवाला सोडलेल्या मुरळीचं पत्र त्यात छापलं. 31 जानेवारी 1920 ला बाबासाहेब आंबेडकरांचं ‘मूकनायक’ निघालं, त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती.

महाडची हकिगत सर्वांना ठाऊक आहे, पण ती वर्तमानपत्रांच्या क्रमानं वाचून पाहावी. 1923 मध्ये सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कौन्सिलात मंजूर झाला. 1924 मध्ये महाड म्युनिसिपालटीनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. दोन्ही कागदोपत्री. तळ्यावर रोज चालायचं ते चालूच राहिलं. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली त्या तळ्यावर सत्याग्रह झाला आणि दोन आठवड्यांत, 3 एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक आला. त्या पत्राच्या अंकाचे चोवीस रकाने पुष्कळदा बाबासाहेबांनी एकट्यानं लिहून काढले. ज्या म्युनिसिपालटीकडे करदाता कंदिलाबद्दल जाब विचारत होता, तिनंच पुढे ऑगस्टमध्ये आपला ठराव मागे घेतला, आणि तळ्याचा हक्क कोर्टात शाबीत व्हायला 1937 उजाडलं. कंदिलाची तक्रार आणि तळ्याची तक्रार एकाच दशकातल्या, एकाच प्रकारच्या नगरसंस्थेकडे केलेल्या. त्या शेजारी ठेवून वाचल्या तरच त्या काळचं गाव पूर्ण दिसतं. एकाच बाजूच्या फायली वाचून लिहिलेल्या ‘जुन्या गावाच्या आठवणी’ मला म्हणूनच अपुऱ्या वाटतात.

आणि फायली तरी कुठे शाबूत आहेत? सरकार दर आठवड्याला देशी वर्तमानपत्रांतल्या उताऱ्यांचे इंग्रजी गोषवारे करून घेत असे. ते जपलेले आहेत, पण राज्यकर्त्यांना जे जाणून घ्यायचं होतं तेवढंच त्यांत उतरलं. मोठ्या पत्रांचे खंड पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांत आहेत. हाल झाले ते जिल्ह्या-तालुक्याच्या साप्ताहिकांचे. हलका कागद आम्लानं पिवळा पडतो, घडीवर तुटतो, बांधणीच्या शिवणीत आतला रकाना जातो. जागा नाही म्हणून नगर वाचनालयं गठ्ठे काढून टाकतात. कुणी प्रती काढायला आलं तर अग्रलेखाच्या पानापुरत्या काढून नेतं. जाहिरातींची, बाजारभावाची, पत्रव्यवहाराची पानं तशीच मागे राहतात. माझी सगळ्यांत मोठी हरकत या निवडीला आहे. पुढचा अभ्यासक काय विचारील हे आपण आज ठरवू शकत नाही, म्हणून अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, पुरवण्यांसकट टिपला पाहिजे.

 घराची साफसफाई करताना माळ्यावर आजोबा-पणजोबांचा साप्ताहिकांचा गठ्ठा निघाला तर तो रद्दीवाल्याला देऊ नका. कात्रणं कापू नका, फाटलेल्या कडांना चिकटपट्टी लावू नका, तिच्या डिंकानं कागद आणखी खराब होतो. सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी आडवा ठेवा, कुठल्या पत्राचे कुठले अंक आहेत त्याची यादी करा, आणि ती जवळच्या जुन्या वाचनालयाला कळवा. अंक अपुरे असले तरी कळवा. त्यांच्याकडच्या खंडात नेमके तेच नसण्याची शक्यता असते.